खंडानंतरचा जॅझ अल्बम: सॅक्सोफोनवादकाने तयारी कशी करावी

काही वर्षे मैफली बंद ठेवून पुन्हा अल्बम करू पाहणाऱ्या सॅक्सोफोनवादकाने स्टुडिओची तारीख ठरवण्याआधी ओठांची ताकद परत मिळवावी. रोज वीस मिनिटे एकेक स्वर, आवाज थरथरू न देता, श्वास संपेपर्यंत धरावा. हे कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. मुंबईच्या पावसाळ्यात वाद्याची छिद्रे झाकणाऱ्या चामडी पॅडांना ओल धरते आणि 'जी शार्प' या स्वराची चावी हमखास चिकटते, म्हणून वादन संपल्यावर पॅडखाली सिगारेटचा पातळ कागद दाबून ओल टिपून घ्यावी.

रियाजाची जागा हा खरा प्रश्न आहे. अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांनी १९५९ मध्ये मैफली थांबवल्या, न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर तासन्‌तास वाजवले आणि १९६२ मध्ये 'द ब्रिज' हा अल्बम आणला. दादरच्या चाळीत अशी सोय कुठली? वाद्याच्या पुढच्या रुंद तोंडात पायमोजा कोंबूनही फारसे भागत नाही, कारण बराचसा आवाज चाव्यांखालच्या छिद्रांतूनच बाहेर पडतो. तेव्हा तासाच्या भाड्याची जॅम रूम, म्हणजे वादकांच्या सरावाची खोली, घ्यावी.

रचना मोजक्याच निवडाव्यात आणि त्या साथीदारांसह एखाद्या लहान जागी श्रोत्यांसमोर दोन-तीनदा वाजवून पाहाव्यात. ध्वनिमुद्रण शक्यतो सर्वांनी एकत्र बसूनच करावे, कारण सुटे तुकडे नंतर जोडले की ड्रमवादकाने सोलोला (एकट्याच्या वादनाला) दिलेले उत्तर हरवते. एका रचनेचे तीनच टेक, म्हणजे मुद्रणाचे प्रयत्न, घ्यावेत आणि तरुणपणीच्या वेगाचा हट्ट सोडावा.