वैमानिक संघटनेच्या दाव्याची सुनावणी कशी पाहावी : कोकणातून जाणाऱ्यांसाठी

चिपीच्या माळावर 2021 च्या ऑक्टोबरात विमान उतरू लागले, तेव्हापासून वैमानिकांचे प्रश्न सिंधुदुर्ग-रत्नागिरीतील लोकांना पूर्वीइतके परके राहिलेले नाहीत. कोणाचा मुलगा वैमानिक होण्याचे शिक्षण घेत असतो, तर कोणी स्वतः एसटीच्या किंवा बँकेच्या संघटनेत वर्षे काढलेली असल्यामुळे दुसऱ्या संघटनेचा लढा कुतूहलाने पाहत असतो. अशांपैकी ज्यांना वर्तमानपत्रातील चार ओळींवर समाधान न मानता सुनावणी स्वतः पाहायची आहे, त्यांच्यासाठी ही माहिती लिहिली आहे. आपल्याकडे न्यायालयाचे कामकाज खुले असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 153-ब मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे बंद दालनात सुनावणी घेण्याचा आदेश नसेल आणि जागा असेल, तर पक्षकार नसलेल्या माणसालाही मागच्या बाकावर बसता येते.

दावा कोणत्या न्यायालयात आहे, ही खातरजमा सर्वप्रथम करावी. 18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचला, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणाऱ्या खंडपीठाला, जोडले गेले आहेत, तर रायगड मुंबईकडेच राहिला आहे. त्यामुळे आता उच्च न्यायालय म्हणजे आंबा घाट चढून कोल्हापूर, असा समज होणे स्वाभाविक आहे; पण वैमानिकाचे गाव मालवण असले म्हणून त्याचा दावा कोल्हापुरात चालत नाही. कंपनीचे कार्यालय कोठे आहे, करार कोठे झाला, ज्याच्या निर्णयाला आव्हान दिले ते सरकारी कार्यालय कोठे आहे, यांवर ते ठरते. विमान वाहतुकीच्या बाबतीत औद्योगिक कायद्याखालचे ‘समुचित सरकार’, म्हणजे वाद ज्याच्या अखत्यारीत येतो ते सरकार, केंद्र सरकार असल्याने काही वाद राज्याच्या कामगार न्यायालयाऐवजी केंद्राच्या औद्योगिक न्यायाधिकरणापुढे जातात, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांविरुद्धच्या याचिका बहुधा दिल्ली उच्च न्यायालयात चालतात. पुढील मजकूर मुंबईची सुनावणी डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे.

प्रकरणाचा क्रमांक मिळवून ई-कोर्ट्सच्या किंवा उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर आधीचे आदेश वाचावेत. हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये, कारण वकील आणि न्यायाधीश यांनी कागद वाचलेले असतात आणि ते एकमेकांशी अर्ध्या वाक्यांत बोलतात. आदेश वाचताना एकच प्रश्न मनात ठेवावा : आज न्यायालयाकडे नेमके काय मागितले आहे? वाद पगाराचा असला तरी त्या दिवशीची सुनावणी पगारावर असेलच असे नाही. 2023 साली एका नव्या विमान कंपनीने नोटिशीची मुदत न पाळता नोकरी सोडणाऱ्या काही वैमानिकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा आरंभीचा मोठा युक्तिवाद हा दावा मुंबईत चालू शकतो का, याच मुद्द्यावर झाला. मुदत सहा महिन्यांची योग्य की वर्षाची, हे ऐकायला आलेला माणूस त्या दिवशी निराश झाला असता. अधिकारक्षेत्राचा प्रश्न आधी सुटावा लागतो हे ज्याला ठाऊक होते, त्याला मात्र सगळे कळले असते.

संपाच्या प्रकरणांत ऐकण्यासारखा मुद्दा वेगळाच असतो. सप्टेंबर 2009 मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी सहकाऱ्यांच्या बडतर्फीच्या निषेधार्थ संप न पुकारता एकाच वेळी आजारपणाची रजा घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने संपाला मनाई केली आणि त्यानंतर न्यायालयाच्या अवमानाचा प्रश्न उभा राहिला. एकत्र घेतलेली रजा हा संपच आहे का, हा त्या वेळचा प्रश्न आजही शिळा झालेला नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने पन्नास टक्के किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली नैमित्तिक रजा संपाच्या व्याख्येत आणली आहे, आणि संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस सर्वच आस्थापनांना लागू केली आहे. व्याख्येत शब्द ‘नैमित्तिक’ आहे, ‘आजारपणाची’ नाही. अशा एका शब्दावर वकील अर्धा तास बोलू शकतात, आणि तो अर्धा तास वाया गेला असे समजू नये. त्याआधी वैमानिक हा कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ आहे की नाही, हा प्रश्नही कंपनीकडून हमखास येतो. एवढा पगार घेणारा माणूस कामगार कसा, असे आपल्यालाही वाटते, पण त्याचे उत्तर केवळ पगारावरून न देता तो प्रत्यक्षात कोणते काम करतो यावरून शोधले जाते.

कामाच्या तासांवरील याचिका असेल तर आकडे आधीच वहीत उतरवून न्यावेत. वैमानिकांच्या संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात लावून धरलेल्या प्रकरणात साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेणारे आणि रात्रीच्या लँडिंगची संख्या सहावरून दोनवर आणणारे नियम हाच कळीचा विषय होता.

प्रवासाचे बोलायचे तर, रात्रीची कोकणकन्या पहाटे मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते आणि तेथून फ्लोरा फाउंटनमार्गे चालत उच्च न्यायालय फार लांब नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते आणि गाड्या रखडतात, म्हणून त्या दिवसांत शक्य तर आदल्या दिवशीच जावे. निघण्यापूर्वी संध्याकाळी ‘बोर्ड’ पाहावा. दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीला मुंबईचे वकील बोर्डच म्हणतात. आपले प्रकरण पाचवे असेल तर निघावे, पासष्टावे असेल तर दोनदा विचार करावा. पहिल्या खेपेस मी पुरवणी बोर्ड, म्हणजे मुख्य यादीनंतर निघणारी जादा यादी, न पाहता गेलो आणि दुपारपर्यंत भलत्याच कोर्टरूममध्ये एका गृहनिर्माण सोसायटीचे भांडण ऐकत बसलो. चूक सर्वस्वी माझी होती.

मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे, सुरक्षा तपासणीसाठी अर्धा तास हाताशी ठेवावा आणि सामानाची मोठी पिशवी नातेवाइकांकडे ठेवून यावी. कोर्टरूम 1878 साली पूर्ण झालेल्या दगडी मुख्य इमारतीत आहे की मागील विस्तारित इमारतीत, हे दारावरच विचारून घ्यावे. न्यायमूर्ती आत येताना सर्वांबरोबर उभे राहून किंचित मान लववावी आणि पुढच्या रांगा वकिलांसाठी सोडाव्यात. फोन बंदच ठेवावा, कारण परवानगीवाचून ध्वनिमुद्रण किंवा छायाचित्रण करणे अंगाशी येऊ शकते. संघटनेचे सभासद असाल तर गणवेशात घोळक्याने जाऊ नये आणि आवारात घोषणा देऊ नयेत. अवमानासाठी 1971 च्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, शिवाय अशा गर्दीने आपल्याच वकिलाची अडचण होते.

कामकाज इंग्रजीत आणि वेगाने चालते. म्हणून ज्यांनी कधीच न्यायालय पाहिलेले नाही, त्यांनी आधी एक दिवस आपल्या जिल्हा न्यायालयात जाऊन बसावे; तेथे बरेच काही मराठीत ऐकू येते आणि ‘तारीख पडली’ म्हणजे काय झाले, हे अंगवळणी पडते. वहीच्या पानावर मध्ये रेघ मारून डावीकडे वकिलांचे म्हणणे आणि उजवीकडे न्यायाधीशांचे प्रश्न लिहावेत. माझ्या अनुभवात उजवी बाजू अधिक उपयोगी पडते, कारण प्रकरण कोठे अडकले आहे ते त्या प्रश्नांतून दिसते. मात्र प्रश्न म्हणजे मत नव्हे : न्यायाधीशांनी संघटनेच्या वकिलांना खडसावले म्हणजे संघटना हरली, असे समजून बाहेर फोन लावणारे लोक मी पाहिले आहेत आणि संध्याकाळी त्यांना खजील झालेलेही पाहिले आहे. ‘स्टँड ओव्हर’ म्हणजे सुनावणी पुढे गेली. ‘ॲड-इंटरिम’ म्हणजे दुसऱ्या बाजूचे सविस्तर म्हणणे येईपर्यंतचा तात्पुरता दिलासा, निकाल नव्हे. हे दोन शब्द ओळखता आले तरी निम्मा गोंधळ टळतो.

गावाकडच्या वर्तमानपत्रासाठी बातमी द्यायची असेल तर तोंडी शेरे आणि लेखी आदेश यांत गल्लत करू नये. न्यायालयीन कामकाजाचा निःपक्ष आणि अचूक वृत्तांत देणे हा अवमान होत नाही, पण अचूकतेची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते. स्वाक्षरी झालेला आदेश संकेतस्थळावर येईपर्यंत थांबावे, तो आपल्या वहीशी ताडून पाहावा आणि जेथे दोन्ही जुळत नाहीत तेथे वही खोडावी. त्याच आदेशाच्या शेवटी पुढची तारीख असते. ती पाहूनच परतीच्या गाडीत बसल्या बसल्या पुढच्या खेपेचे आरक्षण करावे, कारण गणपती किंवा शिमग्याच्या आसपासची तारीख असेल तर नंतर जागा मिळत नाही.