फ्लॅकमधून एमपी३ करताना राग, ताल आणि साथीदारांची नावं हरवू नयेत म्हणून

शास्त्रीय संगीताचा संग्रह फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा तपशील न गमावणाऱ्या फायलींत, जपलेला असतो, पण गाडीतल्या जुन्या स्टिरिओला एमपी३च लागतं. आवाजाचं रूपांतर संगणक बिनचूक करतो. हरवते ती माहिती: राग कोणता, तबल्यावर कोण, ध्वनिमुद्रण कधीचं. म्हणून टॅगची (फायलीत नोंदलेल्या या माहितीची) सगळी दुरुस्ती आधी मूळ फ्लॅकवर करा आणि मगच रूपांतराला हात घाला. एमपी३ ही प्रत आहे, उद्या ती पुन्हा काढावी लागली तरी दुरुस्ती पुन्हा करावी लागता कामा नये. मूळ फायली पुसू नका. एमपी३ करताना गळालेला आवाजाचा तपशील पुन्हा फ्लॅक करून परत येत नाही, नुसता आकार वाढतो.

दुरुस्तीसाठी विंडोजवर एमपी३टॅग हा प्रोग्राम वापरा. नाव तसं असलं तरी तो फ्लॅकही हाताळतो. 'अल्बम आर्टिस्ट' हा रकाना अल्बमभर एकसारखा भरा. तो रिकामा असला की जुगलबंदीचा एकच अल्बम प्लेअरमध्ये दोन-तीन ठिकाणी फुटतो.

खरी अडचण साथीदारांची. फ्लॅकमध्ये 'आर्टिस्ट' हा रकाना एकाच फायलीत कितीही वेळा येऊ शकतो: गायिका, तबला, संवादिनी. एमपी३च्या आयडी३ टॅगच्या २.३ आवृत्तीत ही सोय धड नाही. नावं तिरप्या रेघेनं एकत्र चिकटतात, किंवा प्लेअर पहिलंच दाखवतो. त्यामुळे 'आर्टिस्ट'मध्ये मुख्य कलाकार ठेवा आणि साथीदार 'कॉमेंट'मध्ये वाद्यासकट लिहा. फ्लॅकमध्ये 'राग' नावाचा स्वतंत्र रकाना करता येतो, तो एमपी३त जातोही, पण गाडीचा स्टिरिओ असले रकाने सहसा दाखवत नाही. तेव्हा शीर्षकातच लिहा: 'यमन – विलंबित एकताल'. तारखेचंही तसंच. २.३मध्ये वर्षाच्या रकान्यात चारच आकडे मावतात, दिवस-महिना हवा असेल तर तोही 'कॉमेंट'मध्ये.

आता रूपांतर. फूबार२००० हा प्लेअर आणि त्याचा मोफत एन्कोडर पॅक (रूपांतराची साधनं) बसवा. सुरुवातीला एकच अल्बम घ्या.

१. गाणी निवडून उजवी कळ दाबा, 'कन्व्हर्ट'मध्ये जा आणि एमपी३ (लेम) निवडा; लेम म्हणजे एमपी३ तयार करणारा एन्कोडर. दर्जा व्ही०, म्हणजे सरासरी २४५ केबीपीएसच्या (किलोबिट प्रतिसेकंद) आसपास. तासाभराची मैफल साधारण ११० एमबीत बसते.
२. जागा म्हणून वेगळं फोल्डर द्या, मूळ फोल्डर नको.
३. टॅग आणि चित्रं सोबत नेण्याचे पर्याय चालू आहेत ना, ते पाहा.
४. तयार झालेल्या फायली एमपी३टॅगमध्ये उघडा. पर्यायांत आयडी३ २.३ आणि यूटीएफ-१६ (देवनागरी साठवू शकणारी अक्षरपद्धती) निवडा, आयडी३ १ लिहिणं बंद करा, सगळ्या फायली निवडून सेव्ह करा.

चौथी पायरी गाळू नका. आयडी३ १ हा फायलीच्या शेवटी असलेला १२८ बाइटचा जुना तुकडा. त्यात शीर्षकाला ३० बाइट मिळतात आणि देवनागरीची सोयच नाही. प्लेअरनं तोच वाचला की 'भैरवी'च्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. २.४ आवृत्ती नवी असली तरी अनेक जुने स्टिरिओ ती वाचत नाहीत.

मुखपृष्ठ साध्या जेपेगमध्ये, ५०० बाय ५०० पिक्सेलचं पुरे. प्रोग्रेसिव्ह (टप्प्याटप्प्यानं स्पष्ट होणारं) जेपेग काही स्टिरिओ दाखवत नाहीत.

आलाप संपून बंदिश सुरू होते तिथे क्षणभर खंड पडत असेल, तर दोष रूपांतराचा नाही. लेम फायलीच्या सुरुवातीला किती निःशब्द भाग वगळायचा ते लिहून ठेवतो, पण साधे स्टिरिओ ते वाचत नाहीत. अशा रागापुरते ट्रॅक रूपांतराच्या वेळीच जोडून एक फाइल करा. ट्रॅकची वेगवेगळी शीर्षकं मग राहत नाहीत, पण सलग रागासाठी हा सौदा परवडतो.

फायलींची संख्या मूळ संग्रहाशी जुळवा, शीर्षकांनुसार क्रम लावून रिकामे रकाने शोधा, मग पेनड्राइव्ह गाडीत लावा. तिथे अक्षरांऐवजी चौकोन दिसले, तर टॅग बिघडलेला नाही, स्टिरिओकडे देवनागरीचा फॉन्ट नाही. अशा वेळी फक्त गाडीच्या प्रतीत रोमन टॅग भरा, मूळ फ्लॅकमधलं मराठी तसंच राहू द्या.