चिनी तलवारीवरचे सात ठिपके

जुनी चिनी जियान, म्हणजे सरळ दुधारी तलवार, घ्यायला गेलात आणि पात्यावर पितळेचे सात ठिपके दिसले तर ते नुसतं डिझाईन समजू नका, ते आपले सप्तर्षी आहेत. चीनमध्ये त्यांना उत्तरेची पळी म्हणतात आणि ताओ पंथात ते रक्षणासाठी मानतात. सोबत एका बाजूला ड्रॅगन अन् दुसऱ्या बाजूला फिनिक्स असेल तर झेजियांगमधल्या लोंगच्युआन गावची पद्धत आहे, छिंग काळाच्या शेवटी (1912 ला ती राजवट संपली) आणि नंतरही तिथे अशा खूप बनल्या. त्यामुळे ड्रॅगन दिसला की लगेच "बादशाही तलवार" म्हणून पैसे टाकू नका.

आता खरी टेस्ट. मोबाईलचा टॉर्च तिरपा धरा आणि ठिपक्याच्या कडेवरून नख फिरवा. खऱ्या कामात पोलादात खाच पाडून पितळ ठोकून बसवलेलं असतं, त्यामुळे कडा किंचित वेड्यावाकड्या लागतात, एखादा ठिपका पडून नुसता खड्डाही राहिलेला असतो, आणि मला तर तो खड्डा बघून उलट बरंच वाटतं. नुसता सोनेरी रंग असेल तर भिंगातून लगेच कळतं. ठिपके बऱ्याचदा आरपार असतात, म्हणून पातं उलटूनही बघा.

आणि प्लीज, घरी आणून पितांबरी किंवा सँडपेपर लावू नका हो! जुना काळपटपणा गेला की पोलादाचे थर वाचायची खूणच जाते. मऊ कापडाने मशीन ऑइलचा पातळ हात फिरवा, बास.