दोघांची समुद्राकाठची रोड ट्रिप: या चुका टाळा

रात्री सव्वानऊला आम्ही खोलीत शिरलो. नवऱ्याने मोठ्या हौसेने पडदा सरकवला, तर समोर काळाकुट्ट अंधार. लाटांचा आवाज तेवढा येत होता. ‘सी फेसिंग’ म्हणून या खोलीचे जादा पैसे मोजले होते, आणि दुसऱ्या दिवशी घरी वेळेत पोचायचं म्हणून सकाळी आठला आम्ही चावी परत देऊन निघालोसुद्धा. त्या सहलीचे फोटो काढून बघितले, तर निम्मे चालत्या गाडीच्या काचेतून घेतलेले आहेत.

त्यानंतर अशा बऱ्याच सहली झाल्या. दर वेळी काहीतरी वेगळं फसलं, पण खोदून पाहिलं की बहुतेकदा कारण एकच निघायचं. आम्ही किलोमीटर मोजले होते, उजेड मोजलाच नव्हता.

एका दिवसात फार रस्ता बसवणं

नकाशाचं ऍप जो वेळ सांगतं, तो न थांबता जाणाऱ्या माणसाचा असतो. किनाऱ्याचा रस्ता डोंगराच्या कडेकडेने, खाड्यांना वळसे घालत जातो. तिथे ताशी ३०-४० किलोमीटरचा वेग मिळाला तरी पुष्कळ, आणि पुढे एखादी बस लागली की तेवढाही मिळत नाही. त्यात दर दहा मिनिटांनी कुणीतरी एक जण ‘थांब थांब’ म्हणणार. त्यासाठीच तर निघालेलो असतो. ऍप चार तास म्हणालं तर मी सहा धरते, आणि ऍपचे चार तास हीच दिवसाची मर्यादा ठेवते. ऑस्ट्रेलियाचा ग्रेट ओशन रोड २४३ किलोमीटरचा आहे. कागदावर ते अर्ध्या दिवसाचं काम वाटतं, पण रमतगमत जाणारे त्याला दोन-तीन दिवस देतात.

म्हणून आखणी शेवटापासून सुरू करा. मुक्कामाच्या गावचा त्या तारखेचा सूर्यास्त किती वाजता आहे, ते बघा. त्याच्या दीड तास आधी सामान खोलीत पडलेलं हवं, आणि तिथून उलटं मोजत निघायची वेळ काढा. बऱ्याच ठिकाणी खोली दुपारी दोन-तीनला मिळते आणि सकाळी दहा-अकराला सोडावी लागते. म्हणजे एका रात्रीच्या मुक्कामात ती साधारण वीस तास तुमची असते, आणि त्यातला मोठा भाग अंधारात जातो. रात्री नऊला पोचलात तर समुद्र दिसणाऱ्या खोलीचे पैसे पाण्यात, तेही न दिसणाऱ्या पाण्यात.

वाटेत अंदाज हवा असेल तर हात लांब करून बोटं आडवी धरा. सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये जितकी बोटं मावतील, तितके पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे शिल्लक. विषुववृत्तापासून दूर गेलं की सूर्य तिरका उतरतो आणि थोडा जास्त वेळ मिळतो. विषुववृत्ताजवळ मात्र संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो. अनोळखी घाटात दिवे लावून उतरायची वेळ नेमकी तेव्हाच येते.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट राहून जाते. पूर्व किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवतो आणि संध्याकाळी मागच्या डोंगरात बुडतो. समुद्रातला सूर्यास्त बघायचा म्हणून तिकडे खोली घेणारी शहाणीसुरती माणसं मी पाहिली आहेत. किनारा पश्चिमेचा असला तरी एखाद्या उपसागराचं तोंड भलतीकडे असू शकतं, म्हणून नकाशात नेमक्या त्या किनाऱ्याची दिशा बघून घ्या.

सहलीची दिशा सहज म्हणून निवडणं

जिथे गाड्या डावीकडून चालतात तिथे समुद्र डावीकडे राहील अशी दिशा घ्यावी, आणि जिथे उजवीकडून चालतात तिथे उजवीकडे. मग समुद्राकडच्या थांब्यांवर वळताना समोरची वाहतूक कापावी लागत नाही, आणि शेजारी बसलेल्याच्या खिडकीला थेट पाणी लागतं. म्हणूनच ग्रेट ओशन रोडवर टॉर्कीकडून पश्चिमेला जातात, आणि कॅलिफोर्नियाचा हायवे वन बरेच जण उत्तरेकडून दक्षिणेला करतात. दोघांपैकी कुणाला खोल दरीची धास्ती असेल तर मात्र उलट दिशा बरी. डोंगराकडची लेन मिळते आणि पोटात गोळा येत नाही.

याला सूर्याची जोड द्या. रस्ता पश्चिमेला जात असेल तर तो भाग सकाळी उरका. संध्याकाळी खाली आलेला सूर्य आणि काचेवर बसलेला मिठाचा पातळ थर हे दोन्ही एकत्र आले की समोर दुधाळ चकाकीशिवाय काही दिसत नाही. तिथे कोरडे वायपर फिरवणं म्हणजे डाग पसरवणं. आधी भरपूर पाणी मारा, मग वायपर. पाण्याची टाकी निघतानाच भरून घ्या, आणि एक ओलं फडकं हाताशी ठेवा.

भरतीची वेळ न बघणं

ही चूक पैशांत नाही, जिवात मोजावी लागते. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणजे रोज ती सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून ‘मागच्या आठवड्यात मित्र दहा वाजता चालत गेला होता’ या माहितीचा उपयोग शून्य. आठवड्याभरात वेळ जवळजवळ उलटी झालेली असते. त्याच्या ओहोटीच्या वेळी तुमची भरती असेल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी जास्त वर येतं आणि जास्त खाली जातं. फोटोत भलामोठा दिसलेला किनारा त्या दिवशी भरतीला पाण्याखाली असू शकतो.

भरतीचा वेगही सारखा नसतो. पहिल्या तासात फारसं काही जाणवत नाही, आणि माणूस तिथेच फसतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळपास निम्मं पाणी चढतं. खडकाच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या निवांत पुळणीवर गेलेलं जोडपं परत वळतं तेव्हा मघाची वाट पाण्याखाली गेलेली असते. एकांत हवा असेल तर ओहोटी सुरू असताना जा, आणि पाणी वळायच्या आत परत या.

गाडीचंही तेच. इंग्लंडमध्ये लिंडिसफार्न बेटाकडे जाणारा रस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. वेळापत्रक लावलेलं असूनही तिथे गाड्या अडकतात. अडकलेल्यांना चढून बसता यावं म्हणून वाटेत खांबांवर एक खोपटं बांधून ठेवलं आहे. फ्रान्समधला पासाज द्यु ग्वा हा चारेक किलोमीटरचा रस्ता असाच आहे, तिथेही चढायला खांब आहेत. अशा रस्त्यावर ‘अजून पाच मिनिटं आहेत’ हा युक्तिवाद जोडीदाराशी करू नका. रस्ता उघडा असण्याच्या वेळेतला निम्म्याहून कमी वेळ उरला असेल तर ज्या बाजूला आहात तिथेच थांबा.

खडकांवर उभं राहण्याआधी रंग बघा. काळसर ओला खडक म्हणजे लाट इथपर्यंत येते. समुद्राकडे पाठ करून सेल्फी नको. कड्याच्या टोकाचं तर विचारूच नका, कारण वरून भक्कम दिसणारी जमीन खालून लाटांनी पोखरलेली असू शकते. ग्रेट ओशन रोडजवळची ‘लंडन ब्रिज’ नावाची दगडी कमान जानेवारी १९९० मध्ये कोसळली, तेव्हा दोन पर्यटक समुद्राकडच्या सुळक्यावर अडकले. त्यांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं.

पोहताना प्रवाह आत ओढू लागला तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. दम तिथेच संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर या, मग वळा. जमत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करा. काठावरच्याने पाण्यात उडी न घेता मदत बोलवावी. एकाच्या जागी दोघं बुडतात ती याच क्षणी.

खोलीचं नाव वाचणं, वर्णन न वाचणं

‘सी फेसिंग’, ‘सी व्ह्यू’ आणि ‘पार्शल सी व्ह्यू’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्या प्रकारात बाल्कनीतून मान बाहेर काढून दोन इमारतींच्या फटीत निळी पट्टी शोधावी लागते. हॉटेल आणि समुद्र यांच्यामधून हमरस्ता जातो का, ते उपग्रहाच्या चित्रात बघा. आम्ही एकदा रात्रभर लाटा ऐकू येताहेत असं समजत होतो, सकाळी कळलं की ते ट्रक होते.

एक फोन करून चार गोष्टी विचारा: रिसेप्शन किती वाजेपर्यंत उघडं असतं, गाडी कुठे लावायची, खोलीपर्यंत पायऱ्या किती, आणि रस्ता बंद झाला तर बुकिंगचं काय. चौथा प्रश्न कुणी विचारत नाही. किनाऱ्यालगतच्या डोंगरी रस्त्यांवर दरडी कोसळतात, आणि कधीकधी ते काम तासा-दोन तासांचं नसतं. हायवे वनवर मड क्रीक इथे मे २०१७ मध्ये दरड आली, तो तुकडा जुलै २०१८ मध्ये खुला झाला. निघायच्या आदल्या दिवशी आणि त्या सकाळीही रस्त्याची स्थिती बघा. बुकिंगचा स्क्रीनशॉट दोघांच्या फोनमध्ये असू द्या आणि नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. कड्यांच्या आडोशाला नेटवर्क जातं, आणि नेमकं फाट्यावरच जातं.

एकानेच चालवणं, दुसऱ्याने नुसतं सांगणं

चालवणाऱ्याला रस्ता दिसतो, शेजारच्याला समुद्र. संध्याकाळपर्यंत एकाचा जीव तृप्त आणि दुसऱ्याचे खांदे आखडलेले. त्यावर पुन्हा ‘अय्या, ते बघ!’ ऐकावं लागतं. तो बघत नाही म्हणून रागवाल, आणि बघितलं तर दोघंही दरीत. दीड-दोन तासांनी जागा बदला. एकच जण चालवणारा असेल तर त्याच्यासाठी जास्त वेळा थांबा.

भांडणाचं हमखास ठिकाण म्हणजे सुटलेला थांबा. ‘मघाशी म्हटलं होतं ना’ इथून सुरुवात होते आणि आंधळ्या वळणावर यू-टर्न घेण्यापर्यंत मजल जाते. आमच्याकडे आता एक नियम आहे. प्रत्येकाने निघायच्या आधी दोन थांबे निवडायचे, त्यांना दुसऱ्याने हरकत घ्यायची नाही. बाकी सुटलं तर सुटलं. जोडीने जाताना चार थांबे भरपूर होतात.

वळणांवर मळमळत असेल तर फोनवरचा नकाशा वाचणं आधी बंद करा. डोळे स्थिर पडदा बघतात, कान हलतोय म्हणतो, आणि पोट वैतागतं. दूर क्षितिजावर नजर ठेवली की बरं वाटतं. मळमळीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे गोळी घेतलेल्याने स्टीअरिंगला हात लावू नये.

घडलंच, तर

*वाळूत चाक रुतलं.* पहिल्या झटक्यातच ऍक्सिलरेटर सोडा. चाक फिरवत राहिलात की गाडी पोटावर टेकते. चाकांपुढची आणि गाडीखालची वाळू हाताने काढा, आलेल्याच चाकोरीतून हलक्या पायाने मागे घ्या. नाही निघाली तर चारही टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवून पुन्हा बघा. चाकाखाली पायपुसणं घालायचं असेल तर ते गोळीसारखं उडतं, जोडीदाराला त्या रेषेत उभं करू नका. डांबरी रस्त्यावर वेगात जाण्याआधी हवा भरलीच पाहिजे. आणि भरती चढत असेल तर हे सगळे प्रयोग सोडून लगेच मदत बोलवा. खरं तर गाडी पुळणीवर न्यायचीच नाही. अनेक ठिकाणी त्याला बंदी असते, आणि भाड्याच्या गाडीच्या करारात तर हे बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं.

*उतारावर जळका वास आला, ब्रेक पेडल मऊ लागतंय.* ब्रेक तापले आहेत. खालच्या गिअरमध्ये टाका, सुरक्षित जागी थांबा आणि अर्धा तास गार होऊ द्या. तापलेल्या चकत्यांवर पाणी ओतू नका, त्या वाकतात. ज्या गिअरमध्ये चढाल साधारण त्याच गिअरमध्ये उतरलात तर ही वेळ येत नाही.

*अचानक धुकं.* दमट हवा थंड पाण्यावरून सरकली की किनाऱ्यावर धुकं साचतं, बऱ्याचदा दुपारपर्यंत विरतंही. हाय बीम लावलात तर उजेड उलटा तुमच्याच डोळ्यांवर येतो, म्हणून लो बीम. दिसेनासंच झालं तर रस्त्याच्या कडेला न थांबता एखाद्या थांब्यावर पूर्ण आत जा आणि बसून राहा.

*दार वाऱ्याने हिसकलं.* भूशिरावर हे हटकून होतं. मागून वारा असेल तर उघडतं दार पुढे झपकन आपटतं आणि बिजागरी वाकते. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा, आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा.

बॅगा डिकीत टाकायच्या असतील तर व्ह्यू पॉइंटच्या आधीच टाका. तिथे उभं राहून सगळ्यांदेखत सामान आत ठेवणं आणि मग अर्धा तास फिरायला जाणं म्हणजे चोराला पत्ता देणं.

परतीला तोच किनारी रस्ता पुन्हा नको. आतला सरळ रस्ता घ्या. त्यातून वाचलेले तास सकाळच्या समुद्रावर खर्च करा, कारण सकाळी आठला ती पुळण सहसा रिकामी असते. घरी आल्यावर दोन दिवसांत गाडी धुवायला टाका, आणि धुणाऱ्याला खालून पाणी मारायला मुद्दाम सांगा. वरची धूळ दिसते म्हणून सगळेच धुतात, पण मीठ खालच्या सांध्यांत बसतं आणि गंज तिथूनच धरतो. पायपुसणी तेवढी आपणच झटका. आमच्या गाडीत त्या पहिल्या सहलीची वाळू अजून निघते.