अंधारात विमान कलंडलेलं कळत का नाही? खळ्यात करून बघा

१ जानेवारी १९७८, एअर इंडियाचं सम्राट अशोक नावाचं जंबो रात्री सांताक्रूझवरून दुबईला निघालं आणि दोन मिनिटंही झाली नसतील, वांद्र्यासमोर समुद्रात. २१३ माणसं, एकही वाचलं नाही. विमान कलंडतंय हे अंधारात कॅप्टनला कळलंच नाही, हे भाच्याला नुसतं वाचून पटेना, म्हणून मे महिन्यात गुहागरला करून दाखवलं.

आधी अमावस्येला जेवून किनाऱ्यावर जा, मोबाईल खिशात. पाणी कुठे संपतं नि आकाश कुठे सुरू होतं ते सांगता येतं का बघा. लांबचा एक दिवा होडीचा की चांदणी यावर आमची पैज लागली, मी हरलो. वैमानिकासमोर असाच मिट्ट काळोख होता.

मग तांब्या. अर्धा भरा, गळ्याला सुंभ घट्ट बांधा आणि खळ्यात मोकळ्या जागी गरागरा फिरवा (काचेचा ग्लास नको, सांगून ठेवतो). तांब्या पार आडवा होतो तरी पाणी तळालाच चिकटून. विमान नीट वळताना आपलंही हेच होतं, कपातला चहासुद्धा हिंदकळत नाही, मग कललोय हे अंगाला कळणार कसं? गवंड्याचा ओळंबापण तिथे फसतो.

तिसरी फिरती खुर्ची. डोळे बांधा, अर्धा मिनिट एकाच वेगाने फिरवा, अलगद थांबवा. खुर्ची थांबलेली आणि भाचा ओरडतोय, "मामा, उलटं नको फिरवू!" मळमळलं की बास करा.

म्हणून विमानात भोवरा लागतो, म्हणजे जायरोस्कोप, फिरता भोवरा आपली दिशा सोडत नाही, त्यावरून यंत्रात कृत्रिम क्षितिज दिसतं, विमान किती कललंय ते त्यावर कळतं. त्या रात्री विमान उजवीकडे वळून सरळ झालं पण कॅप्टनसमोरचं यंत्र उजवा कलच दाखवत अडकलं, म्हणून तो डावीकडे घालत राहिला, पार ९० अंशांच्या पुढे. कोपायलटला वाटलं आपलंही बिघडलं, पण त्याचं यंत्र बहुधा बरोबरच होतं, विमानच आडवं झालेलं. तिसरं एक स्वतंत्र यंत्र होतं, फ्लाइट इंजिनिअरने त्याकडे बघायला सांगितलं तेव्हा पाणी काही सेकंदांवर होतं.

शेवटी खुर्ची परत फिरवून थांबवा आणि दोघांनी बाजूला उभं राहून सांगा, बाबा थांबलीय. आमच्या भाच्याने तिन्ही वेळा आम्हालाच खोटं पाडलं.