एपी कॅल्क्युलस: एबी घ्यावं की बीसी?

एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) म्हणजे शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे अमेरिकी कोर्स; कॅल्क्युलसचे त्यात एबी आणि बीसी असे दोन आहेत. एबी सोपं आणि बीसी अवघड, ही समजूत अर्धीच खरी आहे. लिमिट, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रल हा पाया दोन्हीकडे एकच. अमेरिकेच्या कॉलेज बोर्डाच्या आराखड्यात एबीची ८ युनिटं आहेत, बीसीची १०. बीसीत जास्तीचं येतं ते असं: इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन, इम्प्रॉपर इंटिग्रल, ऑयलरची पद्धत, लॉजिस्टिक वाढ, वक्राची लांबी, पॅरामेट्रिक, पोलर आणि व्हेक्टर फलनं, आणि शेवटी अनंत श्रेणी. हे सगळं बहुतेक ठिकाणी त्याच एका वर्षात बसवायचं असतं, म्हणून खरा फरक वेगाचा.

मुलं कॅल्क्युलसमध्ये अडकतात तेव्हा बहुतेक वेळा चूक बीजगणिताची किंवा त्रिकोणमितीची असते. एबीत ती भरून काढायला वेळ मिळतो, बीसीत तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. त्यामुळे निवड करण्याआधी हे दोन प्रश्न कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून, दहा मिनिटांत सोडवून पाहा.

पहिला: १/(एक्स + एच) मधून १/एक्स वजा करा, उत्तराला एचने भागा आणि सोपं रूप द्या. उत्तर −१/[एक्स(एक्स + एच)] यायला हवं.

दुसरा: साइन २एक्स = कॉस एक्स, ० ते २π मधल्या सगळ्या किमती काढा. त्या चार आहेत: π/६, π/२, ५π/६, ३π/२. दोनच आल्या असतील तर दोन्ही बाजूंना कॉस एक्सने भागलं गेलंय. कॉस एक्स शून्य असू शकतो हे सुटलं.

दोन्ही न अडखळता आले तर बीसीचा विचार जरूर करा. पहिल्यातच छेद सारखे करताना घोळ झाला तर एबी घ्या, आणि सुट्टीत अपूर्णांक, घातांक, लॉगरिदम पक्के करा. दुसराच चुकला असेल तर त्रिकोणमितीची उजळणी करून आठवड्याने पुन्हा तपासा.

मग शाळेला विचारा: बीसी प्री-कॅल्क्युलसनंतर थेट घेता येतं, की आधी एबी लागतं? काही शाळांत बीसी हे दुसरं वर्ष असतं, तिथे वेगाचा प्रश्न बराच हलका होतो. दोन्ही परीक्षा एकाच वर्षी देता येत नाहीत. मात्र बीसीच्या निकालात एबीच्या भागाचा वेगळा सबस्कोर मिळतो. तो ग्राह्य धरायचा की नाही, हे ज्याचं त्याचं कॉलेज ठरवतं.

बीसीत सर्वात जास्त दमवते ती अनंत श्रेणी. परीक्षेत तिचं वजन १७ ते १८ टक्के, आणि ती येते वर्षाच्या अगदी शेवटी, मे महिन्यातली परीक्षा तोंडावर असताना. एक्सचा एनवा घात भागिले एन, एन १ पासून अनंतापर्यंत, ही बेरीज घ्या. रेशो टेस्ट (लागोपाठच्या पदांच्या गुणोत्तराची कसोटी) सांगते की एक्स −१ आणि १ च्या मध्ये असेल तर ती अभिसारी आहे, म्हणजे बेरीज एका ठराविक संख्येकडे जाते. बरेच जण इथेच थांबतात आणि गुण जातात, कारण टोकं स्वतंत्र तपासावी लागतात: १ ठेवल्यावर हार्मोनिक श्रेणी येते, ती अपसारी, −१ ठेवल्यावर चिन्हं आलटून-पालटून येतात आणि ती अभिसारी ठरते. म्हणून −१ आत, १ बाहेर. असं बारकाईचं काम आवडत असेल तर बीसीत मन रमेल.

इंजिनिअरिंग, भौतिकशास्त्र, गणिताकडे जायचं असेल आणि पाया पक्का असेल तर बीसीच घ्यावं. ते साधारण कॉलेजच्या दोन सत्रांएवढं असतं, एबी एका सत्राएवढं. पण जिथे अर्ज करणार त्या कॉलेजांचं क्रेडिटचं पान आधी उघडा. किती गुणांना कोणता कोर्स माफ होतो, हे प्रत्येक ठिकाणी निराळं असतं. कच्च्या पायावर माफी घेऊन थेट मल्टिव्हेरिएबलमध्ये (अनेक चलांच्या कॅल्क्युलसमध्ये) बसणं महागात पडतं.

बीसी घेतलंच तर वर्ग बदलण्याची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. पहिल्या दोन चाचण्यांचे पेपर घरी बसून तपासा. चेन रूल चुकतोय की साधी वजाबाकी, हे पाहा आणि त्या तारखेच्या आत ठरवा.