कलामाओमाइ : सरवा वेचायचं ग्रीक क्रियापद

प्राचीन ग्रीक शिकायला लागून वर्ष झालं तेव्हा बायबलातल्या यशया या पुस्तकाच्या ग्रीक अनुवादात (3:12) मी सपशेल आपटलो. ‘तुमचे वसुलीदार’ आणि पुढे ‘कलामोन्ताइ ह्युमास’. शेवटचा ‘न्ताइ’ दिसला, मी कर्मणी धरलं आणि ‘वसुलीदार वेचले जातात’ असं बेधडक लिहिलं. ‘ह्युमास’ म्हणजे ‘तुम्हांला’ ही द्वितीया शेजारीच उभी होती! म्हणजे वसुलीदार ‘तुम्हांला वेचतात’.

कोशात हे ‘कलामाओमाइ’ म्हणून सापडतं. मूळ शब्द ‘कलामे’ : धान्याचं ताट, कापणीनंतर शेतात उरलेली धसकटं. (आपलं ‘कलम’ अरबीतून आलं, ते याच्याच भावंडाकडून, ‘कालामोस’ म्हणजे बोरू.) तेव्हा अर्थ सरळ सरवा वेचणे, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेलं गोळा करणे. भुईमूग काढून झाल्यावर रानात वाकून फिरणारी माणसं आठवा, इंग्रजी कोशाची गरज पडणार नाही.

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर याला आत्मनेपदी समजा. लभते तसं कलामाताइ, लभन्ते तसं कलामोन्ताइ. प्रत्यय आत्मनेपदाचे, अर्थ कर्तरीच. भूतकाळी ‘अलभत’मधल्या ‘अ’च्या जागी ‘ए’ येतो : एकलामेसान्तो, त्यांनी वेचलं. संधी मात्र संस्कृतचे लावू नका. इथे आ आणि ए मिळून ऐ होत नाही, आ होतो. आ आणि ओ मिळून दीर्घ ओ. भविष्यकाळात त्या ‘आ’चा दीर्घ ए : कलामेसोमाइ. बायबलातल्याच यिर्मया 6:9 मधलं ‘कलामास्थे’ ‘तुम्ही वेचता’ही असू शकतं आणि ‘वेचा’ही. तिथे आज्ञार्थ आहे, हे संदर्भच सांगतो.

हा शब्द पक्का बसला तो प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कमुळे. तो सांगतो, अलेक्झांडरचा सेनापती आणि त्याच्यामागून सत्तेवर आलेला अँटिगोनस पैसे कडक वसूल करायचा. अलेक्झांडर असा नव्हता, असं कुणी म्हणालं, तर हा उत्तरतो : साहजिकच आहे, त्याने आशिया कापला, मी ‘कलामोमाइ’, सरवा वेचतोय. पुन्हा वसुलीच! यशयातले वसुलीदार मला तेव्हा कुठे नीट दिसले.

हे शिकल्यावर सगळेच बायबलातल्या रूथच्या गोष्टीकडे धावतात, मीही धावलो. तिथे ती कणसं वेचते तेव्हा ग्रीकमध्ये बहुतेक ठिकाणी ‘स्युल्लेगो’ आहे, नुसतं ‘गोळा करणे’. मराठी बायबलात मात्र ती सरवाच वेचते.